प्राथमिक शिक्षक व्हायचंय: डी.एल.एड. की चार वर्षांची पदवी?

पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर साधी पदवी आणि मग बी.एड. हा रस्ता सोडा. या वर्गांसाठी बी.एड. पात्रता चालणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2023 रोजी दिला आहे.

डी.एल.एड., म्हणजे आपलं जुनं डी.एड., बारावीनंतर दोन वर्षांचं. सराव पाठाला पहिलीतलं पोर चिंचोके मोजताना तेरावर अडतं. दहाचा एक ढीग, तिनाचा एक, असं मांडून दाखवलं की त्याचा चेहरा खुलतो. हे हाताला वळण लावणं मला फार मोलाचं वाटतं. मात्र हाती येते ती पदविका.

चार वर्षांच्या आयटीईपीत, म्हणजे बारावीनंतरच्या एकात्मिक शिक्षक अभ्यासक्रमात, पदवी आणि बी.एड. एकत्र होतात, वेगवेगळं करण्यापेक्षा एक वर्ष वाचतं. प्रवेश एनसीईटी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून. साध्या बी.एड.सारखी अडचण नको, म्हणून प्राथमिकच्या टप्प्याचं प्रशिक्षण तिथे आहे का, हे आधी विचारा.

टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर एक मात्र दोन्ही वाटांनी द्यावाच लागतो.

घरी लवकर हातभार लावायचा असेल तर मी डी.एल.एड.च सुचवेन, पदवी नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून नंतरही करता येते.