वस्तऱ्यासाठी चामड्याचा पट्टा: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

जर्मनीतल्या सोलिंगेनचा, ५/८ इंच रुंद पात्याचा वस्तरा माझ्या रोजच्या वापरात आहे. मागच्या दिवाळीनंतर त्याच्यासाठी तीन पट्टे आलटून पालटून वापरले, मधे पुण्याचा अख्खा पावसाळा गेला, शिवाय एका मित्राचा शेल कॉर्डोव्हनचा, म्हणजे घोड्याच्या खास चामड्याचा पट्टाही काही आठवडे माझ्याकडे होता. एवढ्या वापरानंतर मत पक्कं झालंय. चामडं कुठल्या जनावराचं आणि त्यावर शिक्का कुणाचा, हे नंतर बघा. आधी बघा ते सपाट आहे का, सगळीकडे एकसारखं आहे का, आणि ताणल्यावर तसंच राहतं का.

पट्ट्याकडून नेमकं काय हवंय हे ठरलं की निवड सोपी होते. धार लावायचं काम दगडाचं. पट्टा दाढीआधी ती धार सरळ करतो आणि पुसून लख्ख करतो. दाढी झाल्यावर पात्याच्या अगदी कडेला ओल आणि साबणाचा अंश राहतो, कार्बन स्टील असेल तर डोळ्यांना न दिसणारा गंज धरायला लागतो. पट्ट्याच्या कापडी बाजूवर ते निघून जातं आणि चामडी बाजूवर धार गुळगुळीत होते. पोलाद केसापेक्षा सुमारे पन्नासपट कठीण, तरी केसाने धार जातेच. केस वाकून विशिष्ट कोनात पात्यावर आला की धारेचे सूक्ष्म टवके उडतात, हे एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं. त्यांनी अभ्यास केला तो साध्या रेझरच्या पात्यांचा, पण केस तोच आणि पोलादही पोलादच. उडालेला टवका पट्ट्याने भरून येत नाही, त्याला दगडच लागतो. चांगला पट्टा असला तर दगडाकडे जायची पाळी उशिरा येते.

पहिला पट्टा ऑनलाइन मिळणाऱ्या दाढीच्या संचासोबत आलेला. चामडं क्रोममध्ये कमावलेलं, मऊ, हाताला छान लागणारं. पण खुंटीला अडकवून ताणला की त्याच्या दोन्ही कडा वेगवेगळ्या लांबीच्या व्हायच्या आणि मधे एक हलकी लाट उरायची. वस्तरा त्या लाटेवरून जाताना आवाज बदलतो. सपाट चामड्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच ‘सर्र’ येतो, इथे मधेच तो दबायचा आणि पुढे पुन्हा मोठा व्हायचा. दबतो तिथे चामडं धारेच्या पुढे वर उचललं जातं, आणि तिथेच धार हळूहळू गोल होते. दगडावरून ताजा आलेला वस्तरा या पट्ट्यावर थोडे दिवस फिरवला की हनुवटीखाली ओढल्यासारखा चालायचा. नवशिक्याने स्वस्त पट्ट्यावर शिकावं असं सगळे सांगतात. स्वस्त जरूर घ्या, पण लाट असलेला घेऊ नका. हात कितीही चांगला वळला तरी असा पट्टा धार बिघडवणारच, आणि दोष हाताचा की पट्ट्याचा हे नव्या माणसाला कळणार नाही.

दुकानात बघायची रीत सोपी आहे. पट्टा दोन्ही टोकांना धरून ताणायचा, त्यावर स्टीलची पट्टी काठावर उभी टेकवायची आणि उजेडासमोर धरून बघायचं. खालून कुठे फट दिसते का? मग बोटांच्या पेरांनी वरपासून खालपर्यंत चाचपायचं. जनावराच्या पाठीकडचं चामडं घट्ट आणि एकसारखं असतं, पोटाकडचं सैल आणि ताणलं जाणारं. एकाच पट्ट्यात एक कड कडक आणि दुसरी मऊ लागली तर तो तुकडा पोटाकडे झुकलेला आहे असं समजा आणि सोडून द्या.

दुसरा पट्टा परदेशी, तीन इंच रुंद, गाईच्या चामड्याचा, मागे लिनन. दिसायला देखणा, आणि वस्तऱ्याचं पातं साधारण तीन इंच लांब असल्याने सगळं पातं एकदम बसतं, हात सरळ खालीवर न्यायचा. कोरड्या दिवसांत उत्तम चालला. जुलैमध्ये मात्र त्याच्या दोन्ही कडा किंचित वर वळल्या, पन्हाळीसारख्या. रुंदी जास्त असली की हवेतल्या ओलीने हे व्हायची शक्यताही जास्त. ऑक्टोबरचं ऊन पडल्यावर बराचसा सरळ झाला, पूर्ण नाही.

तिसरा आता कायमचा ठेवलाय. अडीच इंच रुंद, म्हशीच्या जाड चामड्याचा, घोड्याच्या लगामासाठी वापरतात तसलं. कानपूर या सामानासाठी ओळखलं जातं. झाडाच्या सालीत कमावलेलं हे चामडं सुरुवातीला इतकं कडक होतं की वस्तरा नुसता घसरायचा. रोज दाढीआधी कोरड्या तळहाताने जोरात चोळत गेलो. हाताची ऊब आणि हलकंसं तेल त्यात मुरतं, आणि दोन-तीन महिन्यांत पृष्ठभागाला अशी ओढ आली की वस्तरा चिकटतही नाही आणि निसटतही नाही. वरून वेगळं तेल घातलं नाही, घालूही नये. जास्त तेल प्यायलेलं चामडं लिबलिबीत होतं आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यावर बुरशी पटकन चढते. म्हशीच्या चामड्याचा दाणा गाईच्या चामड्यापेक्षा मोठा असतो, म्हणून वरचा थर घासून साफ केलेला तुकडाच निवडावा.

रुंदी अडीच इंच म्हणजे पातं पूर्ण मावत नाही, तिरकं ओढत न्यावं लागतं. मला ही अडचण वाटत नाही, उलट याच कारणासाठी मी हा निवडला. बहुतेक जुन्या वस्तऱ्यांची धार शंभर टक्के सरळ नसते, टोकाकडे थोडी वर वळलेली असते. तिरक्या ओढीत टाचेपासून, म्हणजे मुठीकडच्या बाजूपासून, टोकापर्यंत प्रत्येक भाग चामड्याला नीट लागतो, रुंद पट्ट्यावर अशी धार मधेच जास्त घासली जाते.

मित्राच्या कॉर्डोव्हनबद्दल. हे घोड्याच्या पुठ्ठ्याकडचं, कातडीखालच्या दाट तंतूंच्या थराचं चामडं. शिकागोची हॉरवीन ही १९०५ पासूनची कंपनी ते बनवते आणि कमावायला किमान सहा महिने घेते. जपानमधले कानायामाचे पट्टेही याच चामड्यासाठी नावाजलेले. काचेसारखं गुळगुळीत, वस्तरा वाऱ्यासारखा फिरतो, आणि पावसाळ्यातही सपाटपणा जराही बिघडला नाही. सुंदर वस्तू आहे. पण दाढी माझ्या म्हशीच्या पट्ट्यानंतर होते त्याहून चांगली झाली असं मी म्हणू शकत नाही, आणि किंमत कित्येक पट.

कापडी बाजूकडे लोक दुर्लक्ष करतात. स्वस्त पट्ट्याला बॅगेच्या बंदासारखी नायलॉनची जाड पट्टी असते, तिची वीण धारेला खडबडीत पडते. घट्ट विणीचं लिनन किंवा सुती कॅनव्हास हवं. आधी कापडावर पंचवीस-तीस वेळा, मग चामड्यावर पन्नास-साठ वेळा. पात्याची पाठ कधीच उचलायची नाही, वळवताना पाठीवरूनच वळवायचं. धारेवरून वळवलं की पट्टा कापला जातो. बारीक काप असेल तर झिरो नंबरपेक्षाही बारीक पॉलिश पेपरने त्याचा उठलेला ओठ घासून टाकला की पट्टा पुन्हा चालतो. कडेला खोल चीर गेली असेल तर मात्र चामडं बदलायचं. म्हणूनच रिव्हेट ठोकलेल्यापेक्षा स्क्रूने जोडलेला पट्टा घ्या, एकच बाजू बदलता येते.

हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट रोजच्या चामड्यावर चोळू नका. ती साधारण अर्ध्या मायक्रॉनच्या कणांची असते आणि खरोखर पोलाद खाते. एकदा चामड्यात मुरली की पूर्ण निघत नाही. तिच्यासाठी बाल्सा या हलक्या, मऊ लाकडाचा वेगळा तुकडा ठेवा आणि वस्तरा ओढायला लागल्यावरच तिकडे वळा.

पट्टा बाथरूममध्ये टांगू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत तर अजिबात ठेवू नका. माझा हॉलच्या खिडकीशेजारी, थेट ऊन लागणार नाही असा, सुती पिशवीत लोंबतो. अख्ख्या पावसाळ्यात त्यावर एकदाच पांढुरका थर दिसला, कोरड्या फडक्याने पुसून पंख्याखाली ठेवल्यावर गेला.

घरात टांगायला जागाच नसेल किंवा प्रवास फार असेल तर लाकडी फळीवर चिकटवलेलं चामडं घ्या. ते लोंबत नाही, त्यामुळे ताण कमी-जास्त व्हायचा प्रश्न उरत नाही. नव्या हाताला ते सोपंही जातं. फक्त फळी किमान एक फूट लांब असू द्या, त्याहून आखूड फळीवर हात मोकळा फिरत नाही.