पहाटे साडेपाचचा फौजदारी न्याय
अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील एका ख्रिस्ती विद्यापीठाचा फौजदारी न्यायाचा अभ्यासक्रम मी कोल्हापुरातून ऑनलाइन करतो आहे. तिकडे रात्री आठला सुरू होणारा वर्ग उन्हाळ्यात इथे पहाटे साडेपाचला भरतो, आणि गंगावेशीच्या दूधकट्ट्याकडे म्हशी निघालेल्या असताना मी १९६६ च्या मिरांडा निकालावर, म्हणजे आरोपीच्या मौन राहण्याच्या हक्कावर, टिपणे काढत असतो. बायबलचा पेपर सक्तीचा आहे. तो नकोसा वाटला होता खरा, पण शिक्षेपेक्षा पीडिताच्या भरपाईला महत्त्व देणारा विचार त्यातूनच उमगला. निबंधावरचे शेरे मात्र तीन-तीन आठवडे येत नाहीत. या पदवीवर इथे वकिलीची सनद मिळत नाही, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता आपली आपणच वाचावी लागते.