नान्नजचे अभयारण्य : काळविटांसाठी जावे, माळढोकासाठी नव्हे

सोलापूरहून बार्शी रस्त्याने सुमारे वीस किलोमीटरवर नान्नज लागते. तेथील माळढोक पक्षी अभयारण्यात माळढोक पाहण्याच्या आशेने जाणाऱ्याची निराशा जवळजवळ ठरलेलीच आहे. देशभरात हा पक्षी दीडशेच्या आसपास उरला असून त्यातील बहुतेक राजस्थानात जैसलमेरच्या बाजूला आहेत. मादी एका विणीत बहुधा एकच अंडे, तेही उघड्या जमिनीवर घालते, त्यामुळे घटलेली संख्या पुन्हा भरून येणे फार अवघड असते. असे असताना आम्हाला नेणाऱ्या सहल आयोजकाने जाहिरातीत माळढोकाचेच मोठे छायाचित्र छापले होते, याला फसवणूक म्हणावे लागेल.

तरीही या सहलीला मी पाचपैकी चार गुण देईन, आणि ते काळविटांचे आहेत. हिवाळ्यात उजाडता उजाडता माळावर पोहोचल्यास कळप चरताना सापडतात. पिळदार शिंगांचा, वरून काळा व पोटाशी पांढराशुभ्र असलेला नर मान ताठ करून आपल्या हद्दीत फिरतो, ठरावीक जागीच लेंड्या टाकतो आणि डोळ्यापुढील खाचेतील ग्रंथी गवताच्या काडीवर हलकेच घासून गंधाची खूण ठेवतो. दुर्बिणीतून हे सगळे स्वच्छ दिसते. एखादी मादी दचकून उंच उडी घेते, तिच्यामागे सगळा कळप उड्या मारीत निघतो, आणि थोड्या अंतरावर थांबून पुन्हा चरू लागतो.

अभयारण्य 1979 साली जाहीर झाले, तेव्हा ते सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत मिळून साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होते. त्यात गावे आणि खासगी शेतीच अधिक असल्यामुळे पुढे ते बाराशेच्या घरात आणले गेले. पाहुण्याला प्रत्यक्ष पाहायला मिळतात ती नान्नज, मार्डी, वडाळा परिसरातील गवताची राखीव कुरणे, आणि तीही एका सकाळी पाहून होतील एवढीच. भोवती ज्वारी आहे, द्राक्षबागा आहेत. सोनाका हा द्राक्षवाण नान्नजचाच. काळवीट रात्री पिकात शिरतात, त्यामुळे त्यांच्याविषयी शेतकऱ्याचे बोलणे पर्यटकासारखे कौतुकाचे नसते, आणि त्यात त्याची चूक नाही.

मुरमाड माळ पाहून ‘येथे झाडे का लावत नाहीत?’ असे विचारणारे आमच्या गाडीतही होते. माळढोकाला, धाविकाला, चंडोलाला मोकळा माळच लागतो. झाडी वाढली की हे पक्षी निघून जातात. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्ये हे शिकारी पक्षी गवतावरून खालून घिरट्या घालीत नाकतोडे टिपतात आणि रात्री गवतातच जमिनीवर मुक्काम करतात. सकाळी ऊन चढू लागले की पखुर्डी पक्ष्यांचे थवे पाणवठ्याकडे जातात. खोकड, म्हणजे माळावरचा लहान कोल्हा, दिसणे नशिबावर अवलंबून आहे. लांडगा दिसला तर तो बहुधा धनगरांच्या मेंढ्यांच्या आसपास दिसतो.

जाताना पाणी आणि खाणे सोबत न्यावे, कारण माळावर सावली फारशी नाही. कुसळी गवताची कुसळे मोज्यांत अशी रुततात की ती एकेक उपटण्यात परतीचा निम्मा रस्ता संपतो, म्हणून जाड कापडाची विजार व उंच बूट घालावेत. कपडे भडक रंगांचे नसावेत. स्थानिक वाटाड्या मिळाल्यास अवश्य घ्यावा. आमच्या वाटाड्याने आम्हाला वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने नेले आणि गाडी लांबच उभी करायला लावली, म्हणूनच कळप इतक्या जवळून पाहता आला. त्याच सुमारास दुसऱ्या एका गाडीतील मंडळींनी छायाचित्रासाठी कळपामागे गाडी घातली आणि पुढचा तासभर कोणालाच काही दिसले नाही. एक गुण कापला तो त्यांच्यामुळे. एप्रिल-मे महिन्यांत मात्र लहान मुलांना घेऊन येथे जाऊ नये. त्या उन्हात नऊ वाजल्यानंतर माळावर उभे राहवत नाही.