वॉटसनच हवा, की नवा निवेदक चालेल?

सोलापुरात मे महिन्यात दुपारी बाहेर पडायची सोय नसते, त्यामुळे रहस्यकथांचा फडशा पडतो. कॉनन डॉयलचा गुप्तहेर शेरलॉक होम्स आणि अगाथा ख्रिस्तीचा गुप्तहेर प्वारो, या दोघांच्या मूळ कथा वाचून संपल्या की पुढे काय? नव्या लेखकांनी वारसदारांच्या संमतीने लिहिलेली दोन पुस्तकं हाताशी आहेत: होम्सवरचं अँथनी हॉरोविट्झचं ‘द हाऊस ऑफ सिल्क’ (२०११) आणि प्वारोवरचं सोफी हॅनाचं ‘द मोनोग्राम मर्डर्स’ (२०१४).

हॉरोविट्झने जास्त अवघड वाट धरली. होम्सचा मित्र आणि मूळ कथांचा निवेदक वॉटसनच ठेवला, म्हणजे एक वाक्य जरी चुकलं तरी जुना वाचक कान पकडणार! म्हातारा वॉटसन सांगतो की हे प्रकरण इतकं भयंकर आहे की त्याची हकिगत १०० वर्षं बंदच राहू दे. मूळ लेखनात ही गोष्ट का नव्हती, याचं उत्तर एका फटक्यात मिळतं. वर विषय मूळ कथांपेक्षा कितीतरी काळाकुट्ट घेता येतो. शाळकरी मुलांच्या हाती मात्र देऊ नका.

हॅनाने प्वारोचा मित्र आणि जुना निवेदक हेस्टिंग्जला बाजूला ठेवून स्कॉटलंड यार्डचा कॅचपूल हा नवा निवेदक आणला. लंडनच्या हॉटेलात तीन मृतदेह, प्रत्येकाच्या तोंडात अक्षरं कोरलेलं कफलिंक. सुरुवात झकास, पण उकल इतकी गुंतागुंतीची की मागची पानं पुन्हा चाळावी लागतात. अगाथाबाईंचा शेवट कसा लख्ख असायचा!

प्वारोवर फार जीव असेल तर हॅना उसनी आणून वाचा. विकत घ्यायचं तर हॉरोविट्झच.