रबराच्या झाडाखालचं हॉटेल: पोहे ठीक, सावली एक नंबर

आमच्या तालुक्याच्या गावी बस स्टँडसमोर हे नाश्त्याचं हॉटेल आहे, बोर्डावर वेगळंच नाव आहे पण ते कोणी घेत नाही, रबराच्या झाडापाशी म्हटलं का ऑटोवाला बरोबर आणून सोडते. खेड्यावरून तहसीलच्या कामाला नाही तर बाजाराला आलेला माणूस पहिले इथंच टेकते.

आधी खाण्याचं. तर्री-पोहे, आलूबोंडा, चहा, बस एवढंच. पोहे सकाळी लवकर खाल तर मस्त मोकळे, उशीर केला का मग गंजातले, म्हणजे पातेल्यातले, खालचे येतात, कोरडे ठक्क, अन तर्री दोनदा मागावी लागते, ती मात्र देतात, तोंड वाकडं करत नाहीत. तर्रीत चणे भरपूर पण तेलाचा तवंग लयच, ॲसिडिटीवाल्यानं जपून. आलूबोंड्यात सांभार, म्हणजे कोथिंबीर, नावाला. चहा गोड म्हणजे फारच गोड.

आता खरी गोष्ट, झाड. मे महिन्यात इकडे पारा 45 च्या वर जाते तेव्हा सिमेंट रोडवरून चालत येऊन या झाडाखालच्या बाकड्यावर बसून पाहा, कूलरची गरज नाही भाऊ. पानं जाड, चकचकीत, वर्षभर हिरवीच. वेटर पोरगा सगळ्यांना सांगते का याच्याच चिकापासून टायर बनते, ते काही खरं नाही, टायरवालं झाड मूळ ब्राझीलचं, केरळात त्याचे मळे आहेत. हे आपल्या वड-पिंपळाच्या खानदानातलं, आसाम-मेघालयाकडचं. इंग्रज लोकांनी पहिले आसामात याचेच मळे लावले होते म्हणा, पण ब्राझीलवाल्यापुढे हे टिकलं नाही. मेघालयात तर लोक याच्या पारंब्या ओढ्याच्या या काठावरून त्या काठावर वळवून जिता पूल तयार करतात अन त्यावरून चालतात. अन इथं? बॅनर दिसला पाहिजे म्हणून मालकानं समोरच्या साऱ्या पारंब्या छाटून टाकल्या.

रस्ता चौपदरी झाला तेव्हा लिंब, बाभळी, सगळं साफ झालं, हे एवढं उरलं. एक तर हे नगरपरिषदेच्या हद्दीत आहे, त्यामुळे 1975 चा झाडं जतनाचा कायदा लागते, अन 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांवरचं झाड हेरिटेज धरतात, ते तोडायचं असन तर त्याचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावून द्या म्हणतात. या झाडाचं वय कोणी 70 सांगते कोणी 100, गावातले म्हातारे म्हणतात आम्ही शाळेत होतो तेव्हाही एवढंच होतं. हेच झाड आमच्या ग्रामपंचायतीत असतं तर हा कायदाच लागला नसता, खेड्यात 1964 चा वेगळा कायदा चालते, त्याच्या यादीत सागवान, आंबा, चिंच, मोह आहेत, रबर नाही. म्हणजे हद्दीच्या अलीकडे असतं तर कधीचंच चुलीत गेलं असतं.

पण कायदा फक्त कुऱ्हाड थांबवते. मालकानं बुंध्याला चिटकून गोल सिमेंटचा ओटा बांधला, वर टाइल्स लावल्या, लाइटची माळ खिळे ठोकून टांगली. पाणी मुरायला बोटभर जागा नाही. 2013 ला हरित लवादानं, म्हणजे पर्यावरणाच्या कोर्टानं, दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं, ते मी गल्ल्यावर मालकाला सांगितलं तर म्हणे, मग गिऱ्हाईक बसन कुठं? अरे बाप्पा, झाडच नाही राहिलं तर गिऱ्हाईक येईन कायले? ऐकून घेतलं, हसला, अन चहाचे पैसे मात्र बरोबर कापले.

तारे: पोह्याला तीन, झाडाला पाच, ओट्याला एक. गाडी झाडाखाली लावू नका, वर पाखरं लय आहेत, सीटवर सारं पडते. फोनपे चालते. संडास नाही, स्टँडवर जावं लागते.