फोटो छान आले पण न विचारता रील टाकलं, दोन स्टार

पोरीच्या पाचव्या वाढदिवसाचं फोटोशूट नवी पेठेतल्या एका स्टुडिओत केलं. फोटो एक नंबर, लाईट मस्त, पोरगी रडायला लागली तर दादांनी तिला फुगा देऊन हसवलं, तिथं काही तक्रारच नाही.

पण चौथ्या दिवशी आमच्या वहिनींचा फोन, अगं तुझी पोरगी इन्स्टावर दिसली! बघते तर स्टुडिओच्या पेजवर रील, पोरीचं पूर्ण नाव, वाढदिवसाची तारीख, आणि मागं काउंटरवर आमचं बिल, झूम केलं की माझा मोबाईल नंबर सरळ वाचता येतोय. अंगावर काटाच आला ओ. फोन केला तर म्हणतात मॅडम सगळेच टाकतात, तुमचीच पब्लिसिटी होते की. मला नकोय ना पब्लिसिटी! आमची पोरगी आहे ती, जाहिरात नाही.

2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं स्पष्ट लिहिलंय, हे सांगितल्यावर संध्याकाळी रील काढलं, पण तोवर कोणी सेव्ह केलं, कोणी स्क्रीनशॉट घेतला काय कळणार?

जाणार असाल तर बुकिंग करतानाच व्हॉट्सअपवर लिहून द्या, फोटो कुठंच टाकायचे नाहीत म्हणून. तोंडी सांगितलेलं नंतर कोणाला आठवत नाही. आणि टाकलंच तर ॲपमध्ये रिपोर्टचा ऑप्शन असतो, तो वापरा.