आगाऊ पैसे भरताना: क्रेडिट कार्ड की यूपीआय?

सहलीचं बुकिंग, मुलांच्या क्लासची वर्षाची फी, जिमची मेंबरशिप, लग्नाच्या हॉलचा ॲडव्हान्स. पैसे आज द्यायचे आणि काम पुढं कधीतरी व्हायचं. मी लिहितोय ते फक्त अशा पैशांबद्दल. भाजी, पेट्रोल, चहा यांना यूपीआयच बरं, त्यात वाद नाही.

यूपीआयची बाजूही भक्कम आहे. आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीत काय नि शाहूपुरीत काय, कार्ड पुढं केलं की बऱ्याच ठिकाणी "दोन टक्के वर पडतील" असं ऐकावं लागतं. पन्नास हजारांच्या सहलीला हे हजार रुपये होतात. शिवाय आपल्याकडं पुष्कळ व्यवहार ओळखीवर चालतात आणि बहुतेक नीट पारही पडतात.

पण पारडं फिरलं ते पुतण्याच्या क्लासमुळं. थोरल्या भावानं वर्षाची फी सरांच्या मोबाइल नंबरवर यूपीआयनं भरली होती. दिवाळीनंतर क्लासला कुलूप लागलं आणि सर फोन उचलेनात. ॲपवर तक्रार केली, तर उत्तर आलं: व्यवहार यशस्वी, तक्रार बंद. आम्ही दोघं शाखेत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी नीट समजावलं, "पिन तुम्हीच टाकलाय, पैसे ज्यांना पाठवले त्यांनाच पोचलेत. क्लास झाला की नाही, हे आम्ही कसं बघणार?" त्यांचं काही चुकलं नाही. पण पावती, वेळापत्रक, कुलपाचा फोटो असं सगळं हातात असून ते बघणारं तिथं कुणीच नव्हतं, हे मला फार लागलं.

पुढं आमची एक सहल आयोजकांनीच रद्द केली आणि पैशांऐवजी "पुढच्या सीझनला ॲडजस्ट करतो" म्हणाले. पैसे कार्डानं भरले होते. बँकेचा डिस्प्यूट फॉर्म भरला. सोबत पावती, रद्द झाल्याचा व्हॉट्सॲप मेसेज आणि पैसे परत मागितल्याचा ईमेल जोडला. कार्डानं भरलेले पैसे बँकेमार्फत असे परत मागण्याला चार्जबॅक म्हणतात. यात सेवा दिली हे दाखवायची पाळी समोरच्यावर येते. बँकेनं आधी रक्कम तात्पुरती जमा केली, नंतर ती कायम झाली. थोडा वेळ गेला, पण कागद कुणीतरी वाचले.

कार्ड म्हणजे हमखास पैसे परत, असं मात्र समजू नका. इंग्लंडात १९७४ च्या कायद्यानंच कार्ड देणाऱ्या कंपनीलाही जबाबदार धरता येतं. आपल्याकडं चार्जबॅक चालतो तो व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांच्या नियमांवर. तक्रार करायची मुदत साधारण १२० दिवसांची. सेवा न मिळाल्याच्या प्रकरणात ती बहुधा सेवेच्या ठरलेल्या तारखेपासून मोजतात, तरी लवकर कळवलेलं बरं. "शिकवणं आवडलं नाही" एवढ्यावर काही होत नाही. बाकीचं बिल वेळेवर भरत राहा, नाहीतर व्याज वेगळंच बसतं. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येते, तीही फुकट.

ग्राहक आयोगाचा दरवाजा दोन्हीकडं सारखाच उघडा आहे. २०१९ च्या कायद्यानं कंपनी पुण्या-मुंबईची असली तरी तक्रार आपल्या जिल्ह्यात, म्हणजे कोल्हापुरातच करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. १९१५ या नंबरवर ग्राहकांसाठी हेल्पलाइनही आहे. पण ती लढाई पैसे गेल्यानंतरची, आणि तिला दम लागतो.

क्लासवाले "हप्त्यानं भरा" म्हणाले तर कागद जरूर वाचा. पुष्कळदा ते फायनान्स कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं, आणि क्लास बंद पडला तरी फायनान्सवाले हप्ता मागत राहतात.

कार्डाचं मशीन नसेल तर रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून दुकानाच्या क्यूआरवर भरता येतं. कुणाच्या खासगी नंबरवर त्यातून पैसे जातच नाहीत, आणि मला ते सोयीचंच वाटतं. मोठी रक्कम असली की मी हल्ली दोन टक्के सोसून कार्डच देतो. समोरचा खासगी नंबरावरच अडून बसला, तर थोडा ॲडव्हान्स देऊन बाकीचे काम झाल्यावर देईन म्हणून सांगतो. आणि पावतीवर तारीख, रक्कम आणि रद्द झाल्यास काय, एवढं लिहून घेतो.